शुक्रवारचं व्होल्टेज

खांदा कॉलनीत शुक्रवारी संध्याकाळी व्होल्टेज पडतं, असा एक शोध एलियास आष्टमकर यांनी लावला होता. तो त्यांनी दूधवाल्याला सांगितला, औषधाच्या दुकानात सांगितला, विजेच्या तक्रारीच्या नंबरवर फोन करूनही सांगितला. पलीकडच्या माणसाने "बघतो" म्हणून फोन ठेवला. शोधाला पुरावा एकच होता, पण एलियाससाहेबांना तो भरपूर वाटे. त्यांच्या अंगणातला सेन्सरचा लाइट, जो माणूस खालून गेला की आपोआप लागतो, तो बाकी सगळे दिवस गुण्यागोविंदाने लागायचा आणि नेमका शुक्रवारी रुसायचा. शनिवारी अंधार पडला की पुन्हा ताळ्यावर. शुक्रवारी लोक सुट्टीच्या मूडमध्ये एसी, गिझर, वॉशिंग मशीन सगळं एकदम लावतात आणि बिचाऱ्या सेन्सरला पुरेसा करंट पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच शुक्रवारी घरातला टीव्ही आणि फ्रिज ठणठणीत चालायचे, हे कोणी दाखवून दिलं तर साहेब चिडायचे. म्हणून कोणी दाखवून देत नसे.

आता हा माणूस अडाणी असता तर गोष्ट वेगळी. पण एलियास वजन-मापे खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांचं माप तपासण्यात घालवला. पनवेल, पेण, उरण, जिथे म्हणून तराजू टांगलेला असेल तिथे ते अचानक उगवायचे. पिशवीतून पितळी वजनं काढायची, तराजूच्या दोन्ही पारड्यांकडे डोळे बारीक करून बघायचं, बरोबर असेल तर शिक्का आणि नसेल तर दंड. त्यांना बघून भाजीवाल्यांच्या पाट्यांखाली काय काय लपायचं, ते त्या पाट्यांनाच ठाऊक. हाताचे स्वच्छ. कोणाचा चहासुद्धा घेतला नाही, आणि त्यामुळे कोणाची ओळखही फारशी वाढली नाही.

जन्म पनवेलच्या इस्रायल आळीतला, ज्यू घरातला. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असे, म्हणून सगळा गाव त्या घराला शनिवार तेली म्हणे. आळीतली मंडळी पुढे एकेक करून इस्रायलला गेली. आधी काका, मग भाऊ, मग मशिदीत, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागी, शेजारी बसणारे. एलियास प्रत्येकाला सोडायला विमानतळावर गेले आणि परत आले. सरकारी नोकरी आणि पेन्शन सोडून परक्या देशात जायचं कशाला, असं ते म्हणायचे. नोकरी झाली, पेन्शन सुरू झाली, मुलगी नाओमीसुद्धा लग्न करून इस्रायलमध्ये अश्दोदला गेली, तरी ते तेच म्हणत राहिले. खांदा कॉलनीतल्या रो-हाउसमध्ये ते आणि बायको झिल्पा, एवढेच उरले. दोन वर्षांपूर्वी झिल्पा वारली.

झिल्पाबाई शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, कडक पाळायच्या. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत दिवे लावायचे, स्वयंपाक आवरायचा आणि मग शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत काडी पेटवायची नाही की बटण दाबायचं नाही. एलियास दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, प्रार्थनेचा कागद ठेवलेल्या त्या डबीला, येताजाता बोट लावून ते ओठांना टेकवायचे, त्यापलीकडे त्यांची भक्ती जात नसे. बायको गेल्यावर त्यांनी शुक्रवारचे दिवे लावणंही सोडलं. दिवे लावताना जी डोळ्यांवर हात धरून उभी राहायची तीच नाही, मग लावायचे कोणासाठी, असा त्यांचा रोकडा हिशोब. शुक्रवारी संध्याकाळी ते टीव्हीवर बातम्या लावून बसायचे. आवाज मोठा ठेवायचे, घरात माणसं असल्यासारखं वाटावं म्हणून. हे त्यांनी कोणाला सांगितलं नसतं, पण होतं तसं.

तर त्या आठवड्यात असं झालं की शुक्रवारी रुसलेला लाइट शनिवारी लागला नाही. रविवारीही नाही. रविवारी दिवेलागणीनंतर साहेब फाटकाला कुलूप घालायला बाहेर आले, अंधारात पायरी चुकली आणि कपाळ जाऊन फाटकाच्या कडीवर आपटलं. बराच वेळ ते तिथेच फरशीवर बसून राहिले. रस्त्यावरून स्कूटर गेल्या, एक कुत्रं येऊन हुंगून गेलं. कोणी धावत आलं नाही, कारण कोणाला कळलंच नाही. शेवटी भिंतीला धरून उठले, आत जाऊन आरशासमोर स्वतःच पट्टी चिकटवली.

दुसऱ्या दिवशी नाओमीचा व्हिडिओ कॉल आला. साहेबांनी फोन असा धरला की तिला फक्त पंखा दिसावा.

"पप्पा, फोन खाली घ्या. अजून खाली. कपाळाला काय झालं?"

"काही नाही. अंगणातला लाइट जरा बंद आहे. पायरी दिसली नाही."

"कधीपासून बंद आहे?"

"दोन-तीन दिवस झाले असतील."

"आणि आजूबाजूला कोणी विचारलं नाही, की काका, तुमच्याकडे अंधार का?"

"लोकांना कामं असतात गं."

"तेच म्हणतेय मी." नाओमी अश्दोदला इस्पितळात नर्स होती आणि तिथे तिचा आवाज फार उपयोगी पडत असणार. "तुमचा लाइट बंद पडला ते कोणाला कळत नाही. उद्या तुम्ही पडून राहिलात तर कोणाला कळणार आहे? मी इथे रोज रात्री त्याच विचाराने झोपते. पुरे झालं आता. मी कागदपत्रांचं सुरू करते. घर विकू. इथे खालची खोली रिकामीच आहे."

एलियास तिकडे एकदा राहून आले होते. खोली चांगली होती, समुद्र जवळ होता, ताल आणि मोरान या नाती दिसायला गोड होत्या. पण त्या बोलायच्या हिब्रू आणि आजोबा बोलायचे मराठी, त्यामुळे दोन्हीकडून नुसतं हसणं व्हायचं. दिवसभर बाकावर बसून हसून हसून त्यांचे गाल दुखले. इथे निदान भाजीवालीशी भांडता येत होतं. आणि मुख्य म्हणजे झिल्पा इथल्या मातीत होती. तिला एकटीला टाकून जायचं हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

"या शुक्रवारपर्यंत थांब," ते म्हणाले. "लाइट दुरुस्त करून दाखवतो. मला माझं बघता येतं. नाही झाला तर तू म्हणशील ते."

"शब्द?"

"शब्द."

अशा रीतीने एका लाइटवर अख्खं घर पणाला लावून साहेब कामाला लागले.

तपासणी हा त्यांचा हातखंडा. आधी मेन स्विच पाहिला. मग टेस्टर लावून बटणात वीज येते का ते पाहिलं, तर टेस्टर लालबुंद पेटला. मोबाइलवर एक हिंदी व्हिडिओ बघितला. त्यात एक उत्साही तरुण सांगत होता की सेन्सर अडकला असेल तर बटण बंद करून थोडं थांबायचं आणि पुन्हा चालू करायचं. साहेब थोडं नाही, जेवण होईपर्यंत थांबले. काही नाही. दुसऱ्या व्हिडिओत कळलं की सेन्सरला समोरून येणारा माणूस चटकन दिसत नाही, आडवा जाणारा दिसतो. म्हणून अंधार पडल्यावर साहेब अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवे चालले. मग हात हलवत चालले. मग माणसाच्या अंगाची ऊब सेन्सरला जाणवावी लागते असं ऐकल्यावर गरम पाण्याची पिशवी छातीशी धरून चालले. समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

शिडी लावून वर चढून बघितलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. पण शिडी चढायची नाही ही नाओमीने घातलेली जुनी शपथ होती, आणि खालून बघावं तर एका डोळ्यात मोतीबिंदू. वर छज्ज्याच्या सावलीत पांढरा गोळा दिसायचा. तो तसाच होता, कुठे फुटलेला नव्हता. साहेबांनी नवीन निष्कर्ष काढला: दर शुक्रवारच्या कमी व्होल्टेजने सेन्सर आतून खंगला आणि शेवटी गेला. हा निष्कर्ष त्यांनी जगनला फोनवर सविस्तर ऐकवला.

जगनचं कॉलनीतच इलेक्ट्रिकचं दुकान होतं आणि हा लाइट त्यानेच बसवलेला. "काका, असलं काय नसतं," तो म्हणाला. "गेला असेल तर फिटिंगच बदलू. रिपेअर नाही होत ते. उद्या येतो." जगनचा उद्या गुरुवारी संध्याकाळी उजाडला.

तो शिडी भिंतीला टेकवून चढला. एलियास खाली उभे राहून व्होल्टेजबद्दल बोलत होते. वरून आवाज आला, "काका, एक मिनिट. गप ऱ्हावा जरा. याला टोपी कोणी घातली?"

"टोपी?"

"टोपडंच आहे ओ. लहान पोराचं असतं तसं." जगन खो खो हसत होता. त्याने वरून काहीतरी खाली टाकलं आणि त्याच क्षणी अंगणभर पांढरा लख्ख उजेड पडला. साहेबांनी डोळ्यांवर हात धरला. मग वाकून ते उचललं.

जाड पांढऱ्या रेक्झिनची, वाटीएवढी टोपी. आतून अस्तर, कडेने बारीक दुहेरी शिवण. ती शिवण त्यांना डोळे मिटूनही ओळखता आली असती, कारण त्यांच्या सगळ्या उशांना तशीच होती. ही झिल्पाने शिवलेली.

लाइट नवीन बसवला तेव्हा घरात त्यावरून मोठं रामायण झालं होतं. नाओमीने आईच्या गुडघ्यांसाठी तो हौसेने लावून घेतला आणि परत गेली. पहिल्याच शुक्रवारी झिल्पाबाई अंगणात पाय टाकेनात. मी चालले आणि दिवा लागला, म्हणजे मीच लावला, असं त्यांचं म्हणणं. तू चाललीस, दिवा त्याचा तो लागला, यात तुझा काय गुन्हा, हा साहेबांचा युक्तिवाद. बटण बंद करावं तर त्याच बटणावर पॅसेजचा बल्ब होता, आणि तो शुक्रवारी लावून शनिवारपर्यंत तसाच जळत ठेवायचा असे. शेवटी झिल्पाबाईंनी सेन्सरचे डोळे झाकायला टोपडं शिवलं. आंधळ्याला माणूस दिसणार नाही, मग दिवा लागणार नाही. साहेब पोट धरधरून हसले. मात्र लाइटपर्यंत हात पोचायचा तो फक्त शेजारच्या गंगाबाईंच्या बाहेरच्या जिन्यावरून, आणि झिल्पाबाईंचे गुडघे जिना चढेनात. मग दर शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत टोपडं हातात घेऊन त्या शेजारी जायच्या आणि गंगाबाई ते जिन्यावरून वाकून घालायच्या. शनिवारी तारे दिसले की काढायच्या. झिल्पा गेल्यावर ते संपलं, असं एलियास धरून चालले होते. टोपडं शिवणाच्या डब्याबरोबर कोणाला तरी देऊन टाकलं असणार, असंही.

पण आता हातातल्या टोपड्याच्या कडेला इलॅस्टिक नव्हतं. ते सैल पडून कधीतरी निघालं होतं आणि त्याच्या जागी मासे पकडायच्या जाळ्याचा हिरवा नायलॉनचा दोरा ओवला होता. गाठ कोळ्यांची. झिल्पाच्या हातची नव्हे, आणि दोरा अजून कोरा करकरीत. साहेब टोपडं उलटसुलट करून बघत राहिले. मग ते पायरीवर बसले. दोन वर्षं. दर शुक्रवारी. घराचा मालक शब्बाथ पाळत नव्हता, टीव्ही मोठ्याने लावून बसत होता, आणि घराचा लाइट मात्र न चुकता पाळत होता.

"काका, बरं वाटत नाही का?" जगन शिडी घडी करत म्हणाला.

"गंगाबाई कुठे आहेत?"

"त्यांचं घर बंदच दिसतंय ना. कुलूप आहे."

ते कुलूप एलियासनी आठवडाभर येताजाता पाहिलं होतं. गावाला गेली असतील, म्हणून पुढे गेले होते. आपल्या अंधाराची कोणी चौकशी केली नाही म्हणून मनातून जगावर रागावलेला हा माणूस, पण शेजारच्या कुलपाची चौकशी त्यानेही केली नव्हती. हे त्यांच्या ध्यानात आलं आणि फार लागलं.

गंगाबाई उरणजवळच्या करंज्याच्या कोळीण. पनवेलच्या मासळी बाजारात त्यांची जागा होती, आणि साहेबांशी त्यांची पहिली गाठ तराजूवरूनच पडली. एलियासनी वजनं ठेवली, तर तराजू खोटा निघाला. गंमत म्हणजे खोटा होता तो गंगाबाईंच्याच तोट्यात. गिऱ्हाइकाला दर खेपेला थोडी मासळी जास्त जायची. "ऱ्हाऊ द्या साहेब," त्या म्हणाल्या होत्या, "गिऱ्हाईक परत येतंय." साहेबांनी ऐकलं नाही. खोटं ते खोटं, म्हणून तराजू दुरुस्त करायला लावला. पुढे गंगाबाईंचा मुलगा शैलेश बंदरात नोकरीला लागला, त्याने नेमकं आष्टमकरांच्या शेजारचं घर घेतलं, आणि झिल्पाला मैत्रीण मिळाली. साहेबांचं बोलणं "बरं आहे ना" आणि "हो, बरं आहे" याच्या पुढे कधी गेलं नाही. झिल्पा गेल्यावर तर तेही कमी झालं.

त्यांनी शैलेशला फोन लावला.

"काका, सांगायचं राहूनच गेलं तुम्हाला," शैलेश म्हणाला. "शनिवारी सकाळी आईला झटका आला. अर्धं अंग गेलं. उरणच्या दवाखान्यात होती, आता करंज्याला मोठ्या भावाकडे आणलीय. तिला तिकडेच राहायचंय. आम्हीपण इकडेच शिफ्ट होतोय, माझी ड्युटी जवळ पडते. ते घर भाड्याने देणार."

"बोलतात का?"

"बोलते, पण अडखळत. काका, एक विचारू? ती सारखी एकच म्हणतेय, साहेबांची टोपी काढायची राहिली. आम्हाला वाटतंय डोक्यावर परिणाम झालाय."

"नाही," एलियास म्हणाले. "डोकं शाबूत आहे त्यांचं. उद्या येतो मी."

शुक्रवारी सकाळी ते उरणच्या एसटीत बसले. बिस्किटांचे पुडे आणि शहाळी घेतली होती आणि शर्टाच्या खिशात टोपडं होतं. उरणहून रिक्षाने करंज्याला उतरले तेव्हा बांबूंवर बोंबील वाळत होते आणि लिलावाची गर्दी पांगत होती. शैलेश रस्त्यावर येऊन थांबला होता. तो त्यांना घरात घेऊन गेला.

गंगाबाई पडवीत खाटेवर होत्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, डावा हात पांघरुणावर निपचित. बाजारात खणखणीत आवाजात बोली लावणारी ही बाई. एलियासना बघून ती उजव्या हाताने पदर सावरायला लागली.

"साहेब, तुमी कशाला आलाव एवढ्या लांब?"

एलियासनी खिशातून टोपडं काढून त्यांच्या हातात ठेवलं. गंगाबाईंनी ते चाचपलं, दोरा आहे का बघितला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी यायला लागलं.

"शनवारी काढाया जमला नाय मला. सकाळीच पडली. ह्या पोरांना सांगत होती, टोपी काढा, टोपी काढा, कोनी ऐकला नाय." मग त्यांची नजर वर गेली. "ह्या कपालाला काय झाला तुमच्या?"

आयुष्यात ज्याने कोणाला गुंजभर खोटं माप माफ केलं नाही, तो माणूस क्षणभरही न थांबता म्हणाला, "बाथरूममध्ये घसरलो. जुनं आहे ते."

"मला वाटला अंधारात पडलाव. माज्यामुलं."

"छे. लाइट बंद होता हे मला कालपर्यंत माहीतसुद्धा नव्हतं."

गंगाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. एलियास स्टुलावर बसले. विचारायचं तर होतं, पण सुरुवात कशी करावी कळेना. शेवटी सरळ विचारलं, "हे सगळं कशासाठी केलंत तुम्ही? ती गेल्यावरही?"

"तिनं सांगितला होता. दवाखान्यात." गंगाबाई थांबत थांबत बोलत होत्या. "ती बोलली, गंगे, माज्या मागारी हे दिवे लावतील का नाय, ठाव नाय. पन माज्या अंगनात तरी शनवार पाळला जाऊ दे. आन त्यांना सांगू नको, ते हसतील."

एलियास हसले नाहीत. त्यांना मान वर करवेना. झिल्पाला जाताना आपली खात्री नव्हती आणि तिचा अंदाज अगदी बरोबर निघाला, याची त्यांना भयंकर लाज वाटली. एवढी वर्षं एका घरात राहून जे काम तिने नवऱ्याला सांगायचं, ते शेजारणीला सांगितलं होतं, आणि शेजारणीने ते चोख केलं होतं.

"मला काय जड नव्हता," गंगाबाई म्हणाल्या. त्यांना तेवढ्यात बोलायची हुशारी आली होती. "रोज तुमच्या लाइटाचा उजेड आमच्या सैपाकघराच्या भितीवर पडाचा. तो पडला का मी बोलायची, साहेब भायेर आला, फाटक लावतंय. जित्ता हाय." अर्ध्या ओठांनी त्या हसल्या. "शुक्करवारी टोपी असाची, उजेड नाय. तवा मी जिन्यावर येऊन वाकून बघायची. तुमी कुलूप लावून आत गेलाव का मंग मी जेवायची."

आतून सून चहा घेऊन आली आणि साहेबांनी, जन्मात पहिल्यांदा, मासळीवालीच्या घरचा चहा घेतला. तो गोड होता आणि त्यांनी तो पूर्ण प्यायला. कोणाला कळणार आहे, असं नाओमीने विचारलं होतं. कळत होतं. रोज रात्री एका बाईला कळत होतं, ती त्यांच्यासाठी जेवायची थांबत होती, आणि ते भिंतीच्या अलीकडे टीव्ही मोठा करून, आपलं कोणी नाही म्हणून बसले होते.

"पन आता कोन बघल तुमाला?" गंगाबाईंनी विचारलं. त्यांचा उजवा हात टोपडं चुरगळत होता. "मी तं हितं. शैलेशनी घर भाड्यान दिल्यावर ते कोन येतील, ते वाकून बघतील का? मला तेचाच घोर लागलाय. झोप नाय येत."

एलियासनी खिसे चाचपले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. लाइट दुरुस्त होता. मुदत आजची होती. शब्द त्यांनी पाळला होता, घर त्यांचं त्यांच्याकडे राहणार होतं, आणि समोरची बाई त्यांच्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.

"मी नाओमीकडे चाललोय," ते म्हणाले. "कायमचा. ती बघेल."

"खरा?"

"खरं. तेच सांगायला आलो होतो."

गंगाबाईंचा हात थांबला. चेहरा सैल पडला, ओढलेलं तोंडसुद्धा जरा जागेवर आल्यासारखं वाटलं. "मंग बरा झाला," त्या म्हणाल्या. "लेकीजवळ असला म्हंजे बरा. मंग माजा काम झाला." टोपडं त्यांनी साहेबांना परत दिलं नाही. ते मुठीतच ठेवून त्यांनी डोळे मिटले. इतके दिवस ज्यांना झोप येत नव्हती, त्या बघता बघता झोपल्या.

शैलेश रिक्षापर्यंत पोचवायला येतो म्हणाला. एलियासनी नको म्हटलं. ते बोंबलांच्या बांबूंमधून एकटेच चालत धक्क्याकडे आले. आपण खोटं बोललो, म्हाताऱ्या आजारी बाईला धीर द्यायला बोललो, एवढंच आपण स्वतःला सांगतोय, पण ते आता खोटं राहणार नाही, हे त्यांना चालता चालता कळत गेलं. आज संध्याकाळी ते फाटक लावायला बाहेर येतील. लाइट लागेल, चांगला लख्ख लागेल, उजेड शेजारच्या रिकाम्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पडेल, आणि त्याच्याकडे बघून जेवायला बसणारं कोणी नसेल. झिल्पा इथल्या मातीत होती, तिला मागे ठेवून जाणं आताही जड होतं. पण ज्या घरात राहण्यासाठी ते भांडत होते, ते घर शनिवारी सकाळीच रिकामं झालं होतं.

धक्क्यावरच्या एका उलट्या होडीला टेकून त्यांनी नाओमीला फोन लावला. तिकडे अजून सकाळच असावी.

"पप्पा? लाइट झाला का दुरुस्त?"

"झाला. त्याला काही झालंच नव्हतं."

"बरं." तिचा आवाज उतरला. "म्हणजे जिंकलात तुम्ही. राहा तिथेच. मी काही बोलणार नाही आता."

"नाही गं," एलियास म्हणाले. "तू कागदांचं सुरू कर."

मग नाओमी म्हणाली, "पप्पा, काय झालं? खरं सांगा. कोणी गेलं का?"

"कोणी गेलं नाही," ते म्हणाले. "शेजारचे दुसरीकडे राहायला गेले." आणि एवढं साधं वाक्य पुरं करताना त्यांचा आवाज फुटला.